सासऱ्यांची पहिली काँग्रेस

घटस्फोटात माझा नवरा गेला असं लोक म्हणतात. नवऱ्याचं काय एवढं, तो जायच्या आधी वर्षभर घरात नव्हताच. माझे गेले ते सासरे. आणि तेही कुठल्या कोर्टाने काढून घेतले नाहीत, मी माझ्या तोंडाने घालवले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की लोक समजूत काढायला बसतात आणि मला त्याचा भयंकर राग येतो.

आम्ही तेव्हा इंग्लंडात, लंडनजवळच्या ब्रॅकनेलला राहायचो. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते, नवरा बेसिंगस्टोकला एका प्रोजेक्टवर. दोन बेडरूमचं भाड्याचं घर, मागे एवढीशी बाग, आणि कुरकुरणारा बॉयलर. सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी, एप्रिलमध्ये, सासरे सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे आले. नागपूरच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं होतं. त्यांच्या एका बॅगेत कपडे आणि लोणच्याची बरणी होती, दुसरीत कागद आणि एक लाल कापडी पुठ्ठ्याचं, हजेरीपटासारखं लांबट रजिस्टर. हीथ्रोहून येताना नवरा म्हणाला की बाबा, एवढं वजन कशाला उचलून आणलंत. ते म्हणाले, लोणचं राहिलं असतं तरी चाललं असतं.

त्या रजिस्टरमध्ये पहिली काँग्रेस होती. आपली नव्हे, अमेरिकेची. त्यांची राज्यघटना अमलात आल्यावर जी पहिली संसद भरली, तिच्यातला झाडून सगळा माणूस. सिनेटच्या सव्वीस जागा, खालच्या सभागृहाच्या पासष्ट. प्रत्येकाचं नाव, राज्य, कधी आला, कधी गेला, आणि शेवटचा रकाना पक्षाचा. बाकीचे रकाने निळ्या शाईत, सुंदर अक्षरात भरलेले. पक्षाचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत रिकामा.

मी पुण्याची, त्यामुळे खवचटपणा रक्तातच. मी विचारलं, बाबा, दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या गोऱ्यांचा पक्ष कळून आपल्या कुणाचं काय भलं होणार आहे? ते हसले नाहीत की चिडले नाहीत. समोर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता त्यांनी सांगितलं ते असं. परीक्षेला हमखास प्रश्न यायचा, पहिल्या काँग्रेसमधलं पक्षीय बलाबल स्पष्ट करा. गाइडमध्ये उत्तर होतं, अमुक पक्षाचं बहुमत, तमुक विरोधात. तेच त्यांनी तीस वर्षं नोट्समध्ये सांगितलं आणि मुलांनी पेपरात उतरवलं. एका वर्षी एका मुलीने लिहिलं की तेव्हा पक्ष नव्हतेच. माणसं होती, त्यातली काही सरकारच्या बाजूने मत द्यायची, काही विरुद्ध, आणि ही लेबलं मागाहून इतिहासकारांनी चिकटवली. त्यांनी तिचे पाच मार्क कापले. रिटायर झाल्यावर एका जुन्या पुस्तकात त्यांना कळलं की मुलीचं बरोबर होतं. आता तिचं नावही आठवत नव्हतं. माफी तरी कुणाची मागणार?

"तिचे पाच मार्क माझ्याकडे राहिलेत," ते म्हणाले. "ते या रकान्यात भरायचे आहेत."

तेव्हापासून मी त्यांची झाले. खोटं कशाला बोलू, माझ्या वडिलांनी मला कधी कशात घेतलं नव्हतं. माझे वडील चांगले होते, पण पेपर वाचताना कुणी जवळ गेलेलं त्यांना खपायचं नाही. हे मात्र मला हाक मारून बोलवायचे, "पोरी, हे बघ, हा साउथ कॅरोलिनाचा काय म्हणतोय." लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्या घरात मला कुणी हाक मारून काही दाखवायची ती पहिलीच वेळ.

त्यांचा दिनक्रम ठरून गेला. सकाळी पोहे, त्यावर नागपुरी तर्री हवी म्हणून कुरकुर, मग चालत लायब्ररी. ब्रॅकनेलमध्ये राउंडअबाउट इतके की पहिल्या आठवड्यात ते दोनदा हरवले आणि एकदा एका टायरच्या दुकानातून मला ऑफिसात फोन आला. लायब्ररीतल्या बाई त्यांच्यासाठी दुसऱ्या गावांहून पुस्तकं मागवायच्या. त्या पुस्तकांत कुणी कधी कुठल्या बाजूने मत दिलं याच्या नोंदी असायच्या, सभासदांची पत्रं असायची. ते सगळं वाचून ते कागदावर उतरवून आणायचे आणि शनिवार-रविवार मी ते कॉम्प्युटरवर चढवायचे. नवरा शनिवारीही ऑफिसला असायचा. मला वाटायचं प्रोजेक्ट मोठा आहे. मी इतरांचे बग शोधून पगार घेत होते आणि घरचा बग मला दिसत नव्हता, हसा हवं तर.

पहिलं भांडण स्प्रेडशीटवरून झालं. मी एका जागेला एक ओळ ठेवली होती, एक्याण्णव जागा, एक्याण्णव ओळी, सुटसुटीत. त्यांनी प्रिंटआउटवर बोट फिरवत फिरवत व्हर्जिनियापाशी थांबून विचारलं, "हा काहून गायब झाला?" व्हर्जिनियाच्या सिनेटच्या एका जागेवर तीन माणसं बसली होती. पहिला मध्येच वारला, त्याच्या जागी एकाची तात्पुरती नेमणूक झाली, मग तिसरा निवडून आला. मी शेवटच्याला ठेवून आधीचे दोघे उडवले होते. मी म्हटलं, बाबा, मधला तर जेमतेम सात महिने होता, त्याला कशाला धरायचं?

"बसला ना? मग यादीत पाहिजे. किती दिवस बसला ते आपण मोजायचं नाही."

मी चरफडत सगळी शीट पुन्हा केली. जागेला नव्हे, माणसाला ओळ.

दुसरं भांडण शेवटच्या रकान्यावरून. मी तिथे दोनच पर्याय दिले होते, सरकारच्या बाजूचा आणि सरकारच्या विरुद्ध, आणि रकाना रिकामा राहिला की तो लाल व्हायचा. त्यांना तो लाल रंग बघवेना. म्हणाले, ज्याचं त्यालाच ठरलेलं नव्हतं त्याला तू लाल करणारी कोण? शेवटी मी तिसरा पर्याय घातला, "ठरलेलं नाही". त्यावर ते इतके खूश झाले की संध्याकाळी स्वतः चहा करून आणला, आणि तो अतिशय वाईट झाला होता.

पण एक नियम त्यांचा स्वतःचा होता, आणि तो ते कुणासाठीही मोडत नसत. एखाद्या सभासदाने पत्रात स्वतःच सांगितलं असेल की मी यांच्यातला आहे किंवा यांच्यातला नाही, तर तेच लिहायचं. मग त्याची मतं काहीही सांगोत, इतिहासकार काहीही म्हणोत. अशा नोंदीपुढे ते लाल पेनाने लिहायचे, "स्वमुखे". मी वाद घातला की माणसं खोटं बोलतात, रागाच्या भरात बोलतात, उद्या पस्तावतात. ते म्हणाले, असतील पस्तावत, पण मग त्यांनी तसं दुसरं पत्र लिहावं. आपण त्यांच्या तोंडचं खोडायचं नाही. मी त्या मुलीच्या तोंडचं खोडलं, एकदा केलं ते पुरे झालं.

माझ्या ऑफिसातली एक पद्धत मात्र त्यांनी उचलली. आमच्याकडे कुठलाही कागद तपासायला पाठवला की खाली तारीख घालायची, आणि त्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर सगळं मान्य आहे असं धरायचं. त्यांना हे फार आवडलं. डायनिंग टेबलावर माझ्यासाठी कागद ठेवून जायचे, वर चिठ्ठी, शुक्रवारपर्यंत तपासणे, अन्यथा मान्य समजेन.

सप्टेंबरात एका रविवारी सकाळी नवऱ्याने किचनमध्ये मला सांगितलं की त्याच्या ऑफिसात कुणी आहे, वर्ष झालं, आणि बाबा परत गेले की तो तिच्याकडे राहायला जाणार आहे. आवाज न चढवता सांगितलं, कचऱ्याची बिन कधी बाहेर ठेवायची ते सांगावं तसं. आवाज मी चढवला. काय काय बोलले ते आठवत नाही, पण पलीकडच्या खोलीत रजिस्टर उघडून बसलेल्या माणसाने त्यातला शब्दन्‌शब्द ऐकला असणार. ते बाहेर आले नाहीत. दुपारी जेवायला हाक मारली तेव्हा आले, खाली मान घालून वरण-भात जेवले आणि ताट स्वतः धुतलं. पुढचे तीन आठवडे आम्ही तिघं त्या घरात कसे राहिलो ते माझं मला माहीत.

परतीच्या दिवशी हीथ्रोवर नवरा गाडी पार्क करायला गेला आणि आम्ही दोघं ट्रॉलीपाशी उभे होतो. त्यांनी दुसऱ्या बॅगेतून रजिस्टर काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, आठ जण राहिलेत, माझ्याच्याने आता होणार नाही, तू बघ. मला रजिस्टर नको होतं. मला एकच गोष्ट हवी होती आणि ती मी मागितली.

"बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

ट्रॉलीच्या दांड्याकडे बघत ते म्हणाले, "मुलगा आहे गं तो माझा. तूर्त ठरलेलं नाही असं लिही."

आज मला कळतं की तो माणूस खरं बोलत होता. माझ्या तोंडावर गोड बोलून विमानात बसणं त्याला सहज जमलं असतं. पण तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली होती आणि हे मला माझ्याच स्प्रेडशीटमधलं उत्तर देत होते. मी रजिस्टर घेतलं, वाकून नमस्कार केला, आणि मनात म्हटलं, ठीक आहे, बघून घेईन.

मग घर सुटलं. मी त्याच गावात एका खोलीत राहायला गेले. कागदपत्रं फिरत राहिली आणि एक दिवस पोस्टाने डिक्री ॲब्सोल्यूट, म्हणजे घटस्फोटाचा शेवटचा कागद, आली, गॅसच्या बिलाबरोबर. या सगळ्या दीड वर्षात सासऱ्यांचा फोन नाही. मीही केला नाही. रोज रजिस्टर दिसायचं आणि रोज राग यायचा. नवरा मला सोडतो हे मला समजत होतं, माणसं सोडतात. पण ज्यांनी सात महिने बसलेल्याला यादीतून काढू दिलं नाही, ते मला एवढ्या सहज कसे काढतात, हे काही केल्या गिळता येत नव्हतं. मी आठ जणांपैकी एकाचंही पान उघडलं नाही.

आणि एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. मी कपडे वाळत घालत होते. "पोरी, मी बोलतोय," ते म्हणाले, आणि मी ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकला. बोलणं सुरुवातीला इकडचंतिकडचं झालं, थंडी किती आहे, नव्या जागेतला बॉयलर बरा आहे का, खातेस ना नीट. मग ते कामावर आले. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापायला घेतला होता. मंडळाने सगळ्या घरांना फॉर्म पाठवले होते, कुणाची मुलं किती, सुना कोण, माहेर कुठलं, सगळं भरून द्यायचं. त्यांच्या घराचा फॉर्म तेच भरत होते.

"तुझं नाव लिहू ना?"

एवढंच विचारलं. आता मी हे वाक्य हजार वेळा ऐकलंय, आणि त्यातला तो "ना" मला दर वेळी ऐकू येतो. तेव्हा मात्र फक्त प्रश्न ऐकू आला. विचारावं लागतंय, म्हणजे यांना शंका आहे. दीड वर्ष गप्प बसून आता मला विचारतायत की तू होतीस का आमच्यात. आई म्हणायची ते खोटं नाही, उचलली जीभ लावली टाळ्याला, हीच माझी कुंडली.

"लिहू नका," मी म्हटलं. "मी तुमच्या घरातली कधी नव्हतेच."

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "हे तू स्वतः म्हणतेयस?"

"हो. स्वमुखे."

हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्यांना तो कुठे लागेल ते मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच वापरला. ते "बरं" म्हणाले, तपासायला कॉपी पाठवतो म्हणाले, आणि ठेवला.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. फॉर्मची कलर झेरॉक्स होती. मुलाच्या नावापुढे, पत्नीच्या रकान्यात, निळ्या शाईत माझं नाव लिहिलेलं होतं. माहेरचं नाव, माहेरचं गाव, शिक्षण, अगदी ब्रॅकनेलसकट. आणि त्या सगळ्यावरून एक सरळ लाल रेघ, पट्टी धरून मारलेली, आणि पुढे लाल अक्षरात तोच शब्द. म्हणजे त्यांनी मला आधी लिहून ठेवलं होतं. फोन करायच्या आधी. विचारायचं नव्हतंच त्यांना काही, त्यांना फक्त माझं "हो" ऐकायचं होतं. फॉर्मच्या खाली नेहमीची चिठ्ठी, महिनाअखेरपर्यंत तपासणे, अन्यथा मान्य समजेन.

मी रडले, ते सांगण्यासारखं नाही. ऑफिसला आजारी आहे असं कळवलं आणि दोन दिवस अंथरुणात पडून राहिले. आणि तरी, ऐका, तरी मी फोन केला नाही. मला तेव्हा काय हवं होतं ते आता लाज सोडून सांगते. मला हवं होतं की त्यांनी नियम मोडावा. आयुष्यात एकदा, कुणासाठी तरी, माझ्यासाठी. तिच्या तोंडचं असलं तरी खोटं आहे म्हणावं, रेघ पुसावी आणि मला न विचारता नाव छापून टाकावं. मी दुसरं पत्र लिहायचं हा त्यांचा नियम मला तोंडपाठ होता. महिनाअखेर आली आणि गेली, आणि मी रोज पोस्टाची वाट बघत बसले. ते नागपुरात बसून माझ्या पत्राची वाट बघत असतील असा विचार मला शिवलाही नाही.

जानेवारीत नणंदेचा फोन आला, बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले होते ते उठलेच नाहीत. माझा पासपोर्ट तेव्हा व्हिसा वाढवण्यासाठी क्रॉयडनच्या सरकारी ऑफिसात गेलेला होता. मागितला असता तर कदाचित परत मिळालाही असता. पण अर्जात कारण काय लिहिणार होते मी, कोण वारलं म्हणून? नणंद बिचारी सरळ मनाची. म्हणाली, बाबा दिवाळीत म्हणत होते, ब्रॅकनेलहून काही आलं का बघ गं. मी फोन ठेवला आणि कामाला गेले. त्या दिवशी मी अकरा बग नोंदवले, एवढं आठवतं.

रजिस्टर माझ्याकडेच आहे. आठ जणांपैकी सात मी नंतर पुरे केले, त्याच लायब्ररीत बसून, त्याच बाईंना विचारून. आठव्याने मत दोन्ही बाजूंनी दिलेलं आहे आणि पत्र कुठलंच सापडत नाही. त्याला मी "ठरलेलं नाही" म्हणून ठेवलंय. त्यांच्या त्या विद्यार्थिनीचे पाच मार्क आता पूर्ण झाले असं म्हणायला हरकत नाही, पण तिलाही ते कधी कळणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नणंदेने कुलवृत्तांत पाठवला. जाडजूड पुस्तक, हिरवं कव्हर. त्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही. सासरे, सासूबाई, नणंद, जावई. मग माझा नवरा, आणि पत्नीपुढे एकच नाव, त्याने नंतर लग्न केलं त्या दुसरीचं. लग्नाचं साल बरोबर, माहेर बरोबर, शिक्षणही बरोबर. मी टेस्टर आहे, मला सवय आहे. ते पान मी तीन वेळा, बोट ठेवून, ओळ न्‌ ओळ तपासलं. चूक एकही नव्हती. मी सांगितलं होतं तसंच छापलं होतं.